ढालकरी, वैद्य आणि कोतवाल

विज्ञानाच्या तासाला पाच-पाच मुलांचे गट पाडून प्रयोग करायला दिला की काय होते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एक मुलगा उपकरण ताब्यात घेतो. एक मुलगी, तिचे अक्षर चांगले म्हणून, नोंदी लिहिते. उरलेले तिघे बघत उभे राहतात. आता याच तिघांना संध्याकाळी मोबाइलवर सांघिक खेळ खेळताना पाहावे. कोण कुठे थांबणार, जखमी गड्याला कोण उठवणार, पुढे कोण जाणार, हे सारे ते एकमेकांना सेकंदासेकंदाला सांगत असतात. कोणीही नुसता बघत उभा राहत नाही.

मुले तीच आहेत, मग फरक कशात आहे? 'खेळ गोड आणि अभ्यास कडू' असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल, पण त्या उत्तराने आपल्या हाती काही लागत नाही. खेळाची रचना कशी केलेली असते ते पाहिले, तर सहकार्य कशामुळे घडते आणि कशामुळे मोडते, याविषयी बरेच शिकता येते.

दोर ओढणारी आठ माणसे

आधी गट का सुस्तावतो ते पाहू. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी-अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक साधा प्रयोग केला. दोर ओढताना माणूस किती जोर लावतो ते त्याने मोजले. आधी एकट्याचा, मग दोघांचा, तिघांचा, असे करत आठ जणांपर्यंत. १९१३ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर दोघे मिळून ओढताना दरडोई जोर ९३ वर येतो, चौघांत ७७ वर आणि आठ जणांत अवघ्या ४९ वर. म्हणजे आठ माणसांनी मिळून चार माणसांइतकेच काम केले!

याची कारणे दोन. पहिले म्हणजे सर्वांचा जोर एकाच क्षणी, एकाच दिशेने लागत नाही. दुसरे मनाचे आहे: 'मी थोडा ढिला पडलो तर कोणाला कळणार?' १९७४ साली झालेल्या एका प्रयोगात ही दोन कारणे वेगळी काढण्यात आली. डोळे बांधलेल्या माणसाला भासवले की त्याच्या मागे आणखी माणसे दोर ओढत आहेत; प्रत्यक्षात तो एकटाच ओढत होता. तरीही त्याचा जोर कमी झाला. तेव्हा ताळमेळ बिघडण्याचा प्रश्नच नव्हता. जो कमी झाला तो उत्साह.

रस्सीखेचीत सर्वांचे काम एकसारखे असते आणि कोणाचे किती, हे दिसत नाही. आपल्या प्रयोगशाळेतले ते तीन बघे याच नियमाने वागत असतात. आता याच्या उलट रचना कशी असते ते पाहू.

पेशांचा खेळ

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. संगणकाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. टेबलाभोवती बसायचे, कागद, पेन्सिल आणि फासे घ्यायचे आणि एका काल्पनिक प्रवासातली पात्रे व्हायचे, असा हा खेळ होता. प्रत्येकाने सुरुवातीलाच एक पेशा निवडायचा: योद्धा, जादूगार किंवा पुरोहित. योद्ध्याच्या अंगात बळ, पण जादू नाही. जादूगाराच्या हाती मोठी शक्ती, पण अंगावर चिलखत नाही. पुरोहित जखमा भरून काढणार. कोणताही एक पेशा पूर्ण नाही. खेळात याला 'क्लास' म्हणतात. शाळेतल्या वर्गाशी त्याचा संबंध नाही, आपण त्याला पेशाच म्हणू.

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने, आणि पुढे त्याच्याबरोबर रिचर्ड बार्टल याने, एकाच काल्पनिक जगात अनेक जणांना एकाच वेळी संगणकावरून वावरता येईल असा कार्यक्रम लिहिला. त्यात चित्रे नव्हती, सारे वर्णन अक्षरांतच होते. पुढे संगणकांचे जाळे पसरले तसे हे दोन प्रवाह एकत्र आले. १९९९ साली 'एव्हरक्वेस्ट' आणि २००४ च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हे खेळ आले. दुसऱ्याच्या सुरुवातीच्या काळात सर्वांत अवघड मोहिमांसाठी चाळीस-चाळीस खेळाडू एकत्र यावे लागत, आणि ही माणसे वेगवेगळ्या गावांत आपापल्या घरी बसलेली असत.

या खेळांत पेशे अनेक, पण कामे मुख्यतः तीन. पहिला ढालकरी: हा शत्रूचे घाव स्वतःवर घेतो. दुसरा वैद्य: हा सोबत्यांच्या जखमा भरतो. तिसरा हल्लेखोर: हा शत्रूवर घाव घालतो. आपल्याकडची मुले मोबाइलवर 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'सारखे चौघांच्या तुकडीचे खेळ अधिक खेळतात. त्यात पेशे ठरवून दिलेले नसतात, तरी आडोशावरून टेहळणी करणारा, पुढे घुसणारा, पडलेल्याला उठवणारा अशी कामे मुले आपसांत वाटून घेतातच.

पाच जणांचे गणित

कामे वाटून घेतल्याने नेमका काय फायदा होतो? सोय म्हणून साधे आकडे घेऊ आणि गणितच करू. हे आकडे कोणत्याही एका खेळातले नाहीत, पण हिशेब याच धर्तीवर चालतो.

एक राक्षस आहे. त्याच्यात १५,००० प्राणांक आहेत. ते शून्यावर आले की तो मेला. तो एका वेळी एकाच खेळाडूवर घाव घालतो आणि सेकंदाला त्याचे १०० प्राणांक घटवतो. खेळाडू पाच, प्रत्येकाचे १,००० प्राणांक.

पहिली तुकडी: पाचही हल्लेखोर. प्रत्येक जण राक्षसाचे सेकंदाला ५० प्राणांक घटवतो, म्हणजे पाच जण मिळून २५०. राक्षस मरायला ६० सेकंद हवेत. पण तोही गप्प बसलेला नाही. दर दहा सेकंदांनी एक गडी पडतो. पहिल्या दहा सेकंदांत घटले २,५००, पुढच्या दहात २,०००, मग १,५००, १,०००, ५००. एकूण ७,५००. पन्नासाव्या सेकंदाला पाचही गारद, आणि राक्षसाचे निम्मे प्राणांक अजून शिल्लक.

दुसरी तुकडी: तीन हल्लेखोर, एक ढालकरी, एक वैद्य. ढालकऱ्याचे चिलखत असे की शंभराचा घाव त्याला चाळीसचाच बसतो. वैद्य सेकंदाला कोणाचेही ४० प्राणांक भरून काढू शकतो, पण त्याची शक्ती १२० सेकंदच पुरते. दोघेही राक्षसावर एकही घाव घालत नाहीत असे धरू. आता राक्षस ढालकऱ्यावर तुटून पडला, तर चाळीस जातात आणि चाळीस परत येतात. ढालकरी जागचा हलत नाही. तेवढ्यात तिघे हल्लेखोर सेकंदाला १५० याप्रमाणे १०० सेकंदांत राक्षसाला संपवतात. पाचही जण जिवंत!

मारणारे हात पाचावरून तीनवर आले आणि तरीही हरणारी लढाई जिंकली गेली. यातली मुख्य गोष्ट अशी की ढालकरी एकटा असता तर २५ सेकंदांत पडला असता. वैद्य एकटा असता तर स्वतःवर उपचार करत जेमतेम १७ सेकंद टिकला असता. एकाचे २५ आणि दुसऱ्याचे १७ मिळून ४२ होत नाहीत. ते १२० च्या पुढे जातात. दोन गुणांची इथे बेरीज होत नाही, ते एकमेकांत गुंफले जातात. रस्सीखेचीत आठ जणांचे चार झाले होते. इथे दोघांचे त्यांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त झाले.

गणित आणखी पुढे न्या. समजा, लढाई सुरू होताच तिघांतला एक हल्लेखोर उतावळेपणाने पुढे घुसून मेला. उरलेल्या दोघांना १५० सेकंद लागतील. वैद्याची शक्ती १२० व्या सेकंदाला संपेल, त्यापुढे ढालकरी २५ सेकंद तग धरेल. १४५ व्या सेकंदाला तो कोसळेल, तेव्हा राक्षसाचे ५०० प्राणांक शिल्लक असतील. शेवटच्या पाच सेकंदांत लढाई जिंकता येईल, पण अगदी काठावर. दोघे उतावळे निघाले तर हार ठरलेली. आठवी-नववीच्या मुलांना हा हिशेब फळ्यावर करायला द्यावा आणि आकडे बदलून पाहू द्यावेत. दोन वैद्य घेतले तर? ढालकरी दोन घेतले तर? प्रत्येक वेळी उत्तर काढावेच लागते, नुसते मत देऊन भागत नाही.

राक्षस ढालकऱ्यालाच का मारतो?

चौकस विद्यार्थी इथे विचारील, की राक्षसाला अक्कल असेल तर तो चिलखतवाल्याला सोडून आधी वैद्याला मारील. प्रश्न अगदी रास्त आहे. खेळ रचणाऱ्यांनी यासाठी 'रोषा'ची युक्ती केली आहे. संगणक प्रत्येक राक्षसासाठी एक तक्ता ठेवतो. कोणी घाव घातला की त्याच्या नावावर रोष वाढतो, कोणी उपचार केला की त्याच्याही नावावर वाढतो. ज्याच्या नावावर सर्वांत अधिक रोष, त्याच्यावर राक्षस धावतो. ढालकऱ्याजवळ डिवचण्याची विद्या असते. तिने त्याच्या नावावरचा रोष भराभर वाढतो.

म्हणून हल्लेखोराला आवरही घालावा लागतो. ढालकऱ्याने पुरेसा रोष ओढून घेण्याआधीच त्याने सपाटून मारायला सुरुवात केली, तर राक्षस त्याच्याकडे वळतो. आपल्या अंगी किती बळ आहे यापेक्षा सोबत्याची तयारी झाली आहे का, इकडे लक्ष ठेवावे लागते. संघात काम करणे म्हणजे काय, ते यात आले.

राधानगरीच्या रानातली टोळी

माणसाने संगणकावर ही रचना केली, त्याच्या फार आधीपासून ती रानात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातले राधानगरी अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध आहे. १९५८ साली दाजीपूरच्या रानाला संरक्षण मिळाले, १९८५ साली अभयारण्याचा विस्तार होऊन क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटरच्या वर गेले, आणि २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत राधानगरीही आहे. मुलांना घेऊन इथे येणारे शिक्षक गवा दिसला नाही की हिरमुसतात. त्यांनी सकाळच्या वेळी एका जागी शांत उभे राहून पाखरांच्या मिश्र थव्याची वाट पाहावी.

बराच वेळ रान रिकामे वाटते. मग एकाएकी चहूबाजूंनी किलबिल सुरू होते आणि पाच-सहा जातींचे पक्षी एकाच वेळी झाडांतून पुढे सरकताना दिसतात. झुडपांत सातभाईंच्या नात्यातली, तपकिरी गालांची लहान पाखरे घोळक्याने पाने उलथीत असतात. शिलींध्री खोडावरून डोके खाली करून उतरते आणि सालीच्या भेगा तपासते. सुतार खोड ठोकून आतली अळी काढतो. वरच्या शेंड्यांत निखार पानापानांतून फिरतात. या सर्वांच्या मधोमध, जरा मोकळ्या फांदीवर, शेपटीची दोन लांब पिसे झुलवीत पल्लवपुच्छ कोतवाल बसलेला असतो.

प्रत्येकाचे हत्यार वेगळे, शोधायची जागा वेगळी; म्हणून एकत्र असूनही एकाचा घास दुसरा फारसा खात नाही. पण एकत्र येण्याचे मुख्य कारण संरक्षण आहे. पानांत चोच घालून बसलेल्या पाखराला शिक्रा वेळेवर दिसत नाही. कोतवाल उंचावर उघड्यावर बसतो, त्याची नजर भोवती असते, आणि संकट दिसताच तो ओरडतो. ती ओरड ऐकून सारा थवा क्षणात पानांआड होतो. श्रीलंकेतल्या सिंहराजा या वर्षावनात एबेन गुडेल आणि सरथ कोटगामा यांनी अशा थव्यांचा अभ्यास केला. तिथे घोळक्याने फिरणाऱ्या सातभाईंमुळे थवा जमतो आणि टिकतो, तर कोतवालाचा इशारा सातभाईंच्या इशाऱ्यापेक्षा अधिक तत्पर आणि अधिक भरवशाचा ठरतो, असे त्यांना आढळले. आपल्या लोकांनी या पक्ष्याला गावच्या राखणदाराचे नाव उगीच दिलेले नाही.

मग कोतवाल हे काम परोपकाराने करतो का? नाही. इतर पाखरांनी पाने हलवली की किडे उडतात आणि उडता किडा हवेत टिपणे हीच कोतवालाची खासियत. राखण करता करता त्याचे पोट भरते. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातले त्याचे भाऊबंद तर आणखी पुढचे आहेत. ते मधूनच खोटा इशारा देतात आणि घाबरून पळालेल्या प्राण्याने टाकलेला घास पळवतात. तिथे केलेल्या अभ्यासानुसार त्यांच्या रोजच्या अन्नापैकी सुमारे पाव हिस्सा अशा चोरीतून येतो. तरी इतर प्राणी त्यांच्या इशाऱ्याकडे पाठ फिरवत नाहीत, कारण अनेक इशारे खरे असतात आणि खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले तर प्राणच जातात.

यातून एक नियम हाती येतो. संघातले जे काम इतरांच्या उपयोगाचे असते, ते टिकून राहायचे तर ते करणाऱ्याच्या पदरातही काहीतरी पडावे लागते.

ढाल कोण घेणार?

हा नियम मोडला की काय होते, ते पुन्हा खेळातच पाहायला मिळाले. २००९ च्या डिसेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये अशी सोय झाली की खेळाडूने आपले काम सांगून रांगेत उभे राहायचे आणि संगणकाने एक ढालकरी, एक वैद्य आणि तीन हल्लेखोर अशी पाचांची तुकडी जुळवून द्यायची. हल्लेखोरांची रांग लांबच लांब झाली. ढालकऱ्याला मात्र जवळजवळ उभ्या उभ्या तुकडी मिळे. कारण उघड आहे. हल्लेखोर चुकला तर कोणाला कळतही नाही. ढालकरी किंवा वैद्य चुकला तर सगळे मरतात आणि सगळे त्याला बोल लावतात. जिंकल्यावर कौतुक मात्र शेवटचा घाव घालणाऱ्याचे. जबाबदारी मोठी, श्रेय थोडे. असे काम कोण पत्करणार?

खेळ चालवणाऱ्यांनी नीतीचे उपदेश केले नाहीत. २०११ साली त्यांनी नियम केला, की त्या वेळी ज्या कामाला माणसे कमी आहेत ते काम जो घेईल, त्याला जादा बक्षीस मिळेल. कोतवालाच्या पदरात किडे पडावेत, तशीच ही व्यवस्था.

दुसऱ्या एका खेळाने वेगळी वाट धरली. २०१२ साली आलेल्या 'गिल्ड वॉर्स २'मध्ये ठरीव वैद्य ठेवलाच नाही. प्रत्येकाने स्वतःच्या जखमा स्वतः भराव्यात, कोणी कोणावर अडून राहू नये, असा विचार त्यामागे होता. रांगा खरोखरच टळल्या. पण एकमेकांची गरज कमी झाल्याने लढाईत शेजारी शेजारी उभे राहूनही जो तो आपापल्यापुरता लढतो, अशी तक्रार होऊ लागली. २०१५ साली याच खेळात अवघड सांघिक मोहिमा आल्या, तेव्हा उपचारात वाकबगार असा पेशाही त्यात आला. गरज काढून टाकली की भांडण जाते, पण संघही जातो.

भूमिका आणि जन्म

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. 'प्रत्येकाने आपले ठरलेले काम करावे' हे वाक्य आपल्या समाजाला नवे नाही. याच वाक्याच्या आधाराने शतकानुशतके माणसांना जन्मावरून कामे चिकटवली गेली. मग खेळातले पेशे आणि जातीतले पेशे यांत फरक काय?

कोतवालाचे काम त्याच्या जन्मावर ठरलेले आहे, कारण तो पक्षी आहे. त्याला खोड ठोकता येत नाही. माणसाचे तसे नाही. भोगावतीच्या खोऱ्यातले गुऱ्हाळ पाहा. घाण्यात ऊस घालणारा, चुलवाणात चिपाडाचा जाळ घालणारा, काहिलीतली मळी काढणारा आणि रस कधी उतरवायचा ते ठरवणारा गुळव्या, अशी इथली कामे. पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला पोचला की तो उतरवावा लागतो. गुळव्या तापमापक न लावता पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी कशी होते यावरून ते ओळखतो. पण त्याने ओळखले आणि जाळ घालणाऱ्याने वेळेवर आच कमी केली नाही, तर गूळ करपलाच. एकाची नजर आणि दुसऱ्याचा हात यांची सांगड पडावी लागते. ही नजर गुळव्याला जन्माने मिळालेली नसते. काहिलीजवळ उभे राहून ती कमवावी लागते, आणि जो उभा राहील त्याला ती कमवता येते.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले होते. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. आणि ज्या राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीला भोगावतीवर धरण उभारायला घेतले, त्यांनीच १९०२ साली कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो जन्मावरून ठरलेल्या या भूमिका मोडण्यासाठीच.

खेळात पेशा निवडता येतो, नको झाला तर बदलता येतो, आणि ढालकरी वैद्यापेक्षा हलका मानला जात नाही. भूमिका चांगली की वाईट, हे तिच्या नावावरून ठरत नाही. ती कोणी ठरवली, ती सोडता येते का, आणि तिला मान आहे का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून ते ठरते.

वर्गात काय करता येईल?

आता आपल्या प्रयोगशाळेतल्या पाच मुलांकडे येऊ. अक्षर चांगले म्हणून दरवेळी मुलीने लिहायचे आणि उपकरण मुलाच्या हाती, ही वाटणी वरच्या तिन्ही प्रश्नांवर नापास होते. वर्षअखेर त्या मुलीने एकदाही वर्नियर कॅलिपर हाती धरलेला नसतो.

पहिली सूचना अशी, की काम असे द्यावे जे एकट्याने पुरे होऊच शकणार नाही. १९७१ साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवले गेले आणि तंटे सुरू झाले. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने तिथे एक पद्धत बसवली. धड्याचे पाच-सहा भाग करायचे आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच भाग द्यायचा. सर्व गटांतली पहिल्या भागाची मुले एकत्र बसून तो भाग पक्का करतात, दुसऱ्याची दुसरा. मग प्रत्येक जण आपल्या मूळ गटात परततो आणि इतरांना आपला भाग शिकवतो. चाचणी मात्र पूर्ण धड्यावर. ज्या मुलाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते त्याचे बोलणे आता इतरांना कान देऊन ऐकावे लागते, कारण तो तुकडा त्याच्याचजवळ आहे. तुकडे जोडून चित्र पुरे करायच्या कोड्यासारखी ही रीत आहे. राधानगरी अभयारण्यावरच असा पाठ बसवता येईल: पाऊस आणि खडक, झाडे, गवा, पक्षी, भोवतालची माणसे असे पाच भाग.

दुसरी सूचना प्रयोगाच्या तासासाठी. पाच कामे ठरवावीत: उपकरण हाताळणारा, मोजमाप वाचणारा, नोंद करणारा, वेळ आणि सुरक्षितता पाहणारा, आणि शंका काढणारा. पाचवे काम विशेष महत्त्वाचे. 'हे वाचन चुकले तर नाही ना?' असे विचारणे हीच त्याची राखणदारी. तो आपल्या गटाचा कोतवाल. प्रत्येक प्रयोगाला कामे एकेक घर पुढे सरकवावीत, म्हणजे पाच प्रयोगांत प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक काम येते. त्यासाठी वर्गाच्या भिंतीवर एक साधा तक्ता पुरतो.

तिसरी सूचना गुणांविषयी. ज्या कामाकडे मुले पाठ फिरवतात त्याची दखल मुद्दाम घ्यावी. स्वच्छ नोंद, वेळेवर दिलेला इशारा, सोबत्याला समजावून सांगणे यांना गुण ठेवावेत. शेवटचे उत्तर सांगणाऱ्यालाच शाबासकी मिळत राहिली, तर सगळेच हल्लेखोर व्हायला पाहतील आणि ढाल पडून राहील.

खेळांची भलामण करणे हा या लेखाचा हेतू नाही. खेळाने दिनक्रमाचा ताबा घेतला, तर तो विकार ठरू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याचा समावेश आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर वेगळेच. २०२५ साली भारतात त्यांवर बंदी घालणारा कायदा झाला. झोप, अभ्यास आणि मैदान यांच्या वाट्याचा वेळ मोबाइलला देऊ नये, हे मुलांना सांगितलेच पाहिजे.

पण ते सांगताना एखाद्या खेळणाऱ्या मुलाला विचारून पाहावे, 'तुमच्या तुकडीत तू काय करतोस?' तो उत्साहाने सांगेल, आणि आपले काम चुकले तर इतरांचे काय होते हेही सांगेल. पुढचा प्रश्न आपण करावा: 'आणि आपल्या प्रयोगाच्या गटात?' या दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याजवळ तितकेच नेमके उत्तर असेल, अशी तजवीज करणे आपल्या हाती आहे.